जनरलसाहेबांचा तोफगोळा

दिल्ली कॅन्टोन्मेंटची पोस्टिंग आली तेव्हा मी हवालदार होतो. आधीची सहा वर्षं सीमेवरचे सुरुंग काढण्यात गेली होती, त्यामुळे ऑर्डर वाचून बायकोने देवापुढे पेढे ठेवले. दिल्ली म्हणजे पीस स्टेशन, सीमेपासून लांबची शांत नेमणूक. क्वार्टर मिळालं, मुलीला पहाडगंजच्या मराठी शाळेत घातलं आणि मी बॉम्ब डिस्पोजल प्लाटूनमध्ये रुजू झालो.

लोक मला अजून विचारतात, लाल वायर कापायची की निळी? तेवीस वर्षांत मी एकही रंगीत वायर कापलेली नाही. आमचं काम बहुतेक भंगाराचं. गाझियाबादच्या एखाद्या गोदामात लोखंडाच्या ढिगात जुना गंजका गोळा सापडायचा, नाहीतर पानिपतकडे रस्ता खणताना काहीतरी लागायचं. पोलिसांचा फोन यायचा आणि आम्ही निघायचो. नियम एकच होता. गोळ्याजवळ एका वेळी एकच माणूस. तो कोण, हे फळ्यावर लिहिलेलं असायचं. त्याला आम्ही बारी म्हणायचो. बारी ज्याची, तो जाणार. त्यात वाद नसे.

कॅन्टोन्मेंटमधल्या एका ऑफिसर्स मेसमध्ये एका इंग्रज जनरलचं मोठं तैलचित्र होतं. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरची माणसं हयात आहेत. चित्राखाली लाकडी फळीवर एक तोफगोळा उभा होता, वीतभर उंच, साडेपाच किलोचा. शेजारी पितळी पाटी होती आणि तिच्यावर जनरलसाहेबांच्या पाच मोहिमा कोरलेल्या. वायव्य सरहद्द, ब्रह्मदेश, सुदान, दक्षिण आफ्रिका आणि पुन्हा सरहद्द.

ह्या सगळ्याची देखभाल मेस हवालदार मोरे करायचे. माण तालुक्यातला माणूस, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, मिशीला कायम कोकम तेल. दर शनिवारी ते गोळा खाली उतरवायचे आणि त्याच्या नाकाचं पितळ आणि कमरेचा तांब्याचा पट्टा पॉलिश लावून घासायचे. आठ वर्षं एक शनिवार चुकला नव्हता. जनरलसाहेबांची कारकीर्द त्यांना तोंडपाठ होती. मी आणि आमच्या प्लाटूनमधला नाईक तायडे चहाला गेलो की मोरे सुरू व्हायचे.

"एकोणिसाव्या वर्षी जहाजातनं उतरला हा माणूस. पाद्र्याचा पोरगा. वर्षात सरहद्दीवर गेला. ब्रह्मदेश मारला. सुदानात उंटावर बसून लढला. आणि आफ्रिकेत हा गोळा थेट त्याच्या तंबूत आला. पलंगाखाली गेला. फुटला नाही!"

"मग?" तायडे दरवेळी विचारायचा, पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून.

"मग काय, सगळे पळाले. त्याचा भिश्ती होता, आपल्याकडचाच, इथनं नेलेला. त्यानं पखालीतलं सगळं पाणी त्या गोळ्यावर ओतलं. येडं कुठलं! आग लागलीय का काय? पण जनरलसाहेबानं गोळा नशिबाचा म्हणून जन्मभर जवळ ठेवला."

ह्यावर सगळे हसायचे. मीही हसायचो. बॉम्ब डिस्पोजलचा माणूस असून हसायचो, हे आज लिहिताना लाज वाटते.

मला त्या जनरलबद्दल मोरेंसारखं प्रेम कधी वाटलं नाही. पाच मोहिमा, पाचही दुसऱ्याच्या मुलखात. तायडे मलकापूरकडचा, कमी बोलणारा, वाचायची आवड असलेला. एकदा तो पाटीपुढे बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "साहेब, पाच लढाया आहेत. लढणारे अर्ध्याहून जास्त आपले असणार. ह्या पाटीवर आपलं कोणीच नाही?"

"पाटी लहान आहे," मी म्हणालो.

त्या वर्षी मेसच्या सामानाची वार्षिक तपासणी होती. त्याला बोर्ड म्हणतात. एक कॅप्टन, दोन मेंबर आणि तोफगोळा, जुन्या बंदुका असल्या वस्तूंसाठी आमच्या प्लाटूनचा एक माणूस. तो मी. क्लार्कने मागच्या वर्षीचा कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलेलं होतं, तोफगोळा एक, निष्क्रिय, तपासला. त्याच्या आधीच्या वर्षीही हेच, त्याच्या आधीही हेच, शब्दसुद्धा तेच. फौजेत कागद असा पिढ्यान् पिढ्या उतरवला जातो. मी गोळ्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली आणि सही केली. जेवणाची वेळ झाली होती आणि मला भूक लागली होती. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही.

पुढच्या वर्षी मी नायब सुभेदार झालो, त्याच प्लाटूनमध्ये. मे महिन्यातला शनिवार होता. त्या दिवशी दुपारी एकला मेसमध्ये जेवण होतं. जनरलसाहेबांच्या घराण्यातल्या एक बाई इंग्लंडहून येणार होत्या, पणजोबांचं चित्र आणि गोळा बघायला. सकाळी दहा चाळीसला माझा फोन वाजला. मोरे होते.

"साहेब, पितळावरचा पिवळा डाग कशानं जातो?"

"कसला डाग?"

"गोळ्याच्या नाकाच्या आट्यांमधनं पिवळी पूड येतीय. आज लखलखीत करायचाय ना, म्हणून सुईनं उकरून काढतोय, पण संपतच नाही. बोटं बघा माझी, हळद लावल्यागत झालीत."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. जुन्या काळच्या काही गोळ्यांत जी दारू भरत, ती पिवळी असते आणि बोटाला लागली की कित्येक दिवस जात नाही. वर्षानुवर्षं धातूशी राहून ती चिडखोर होते. नुसत्या घासण्यानेही बिनसू शकते. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. परीक्षेत मी हे लिहून मार्क मिळवले होते.

"गोळा कुठे आहे?"

"मांडीवर."

"सुई?"

"हातात."

"मोरे दादा, सुई बाजूला टाका. गोळा दोन्ही हातांनी धरा. उभा धरा. उठू नका, पाय हलवू नका. फोन स्पीकरवर राहू द्या. मी येतोय."

 मग मोरे म्हणाले, "टाकली सुई."

बारी तायडेची होती. फळ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. गाडीत बसताना मी त्याला सांगितलं, "आज मी पुढे जाणार." त्याने माझ्याकडे पाहिलं. कारण विचारलं नाही, कारण हुकूम होता. मला खरं कारण सांगायला तोंड नव्हतं.

दहा अठ्ठावन्नला मेसवर पोहोचलो. मोरे मागच्या व्हरांड्यात वेताच्या मोढ्यावर बसले होते, मांडीवर गोळा, त्याखाली पॉलिशचं फडकं. आचारी, वेटर, माळी सगळ्यांना पुढच्या हिरवळीपलीकडे पाठवलं. मेस सेक्रेटरी मेजर धावत आले.

"साब, पक्का है? एक बजे गेस्ट हैं।"

"पक्का नहीं है, सर। इसीलिए सबको हटा रहा हूँ।"

"पर इसका तो सर्टिफिकेट है। निष्क्रिय लिखा है। साइन किसका है?"

"मेरा, सर।"

 तायडे माझ्या मागेच उभा होता. त्यानेही ऐकलं. मग मी कोणाकडे न बघता व्हरांड्याच्या पायऱ्या चढलो.

मोरेंच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत ओघळत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी गुडघ्यावर बसलो, आधी त्यांचा घाम पुसला. मग नाकाच्या आट्या बघितल्या. पिवळी पूड, मधे काही चकचकीत कण. नऊ वर्षांचे शनिवार, म्हणजे चारशेच्या वर वेळा ह्या माणसाने त्यावर फडकं फिरवलं होतं. 

"फुटतोय काय, साहेब?" मोरेंनी विचारलं.

"माहीत नाही."

"तुमची सही होती म्हणून मी निवांत होतो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

ही दारू ओली असली की बरीच शांत राहते. मी मेसमधला स्टीलचा जग आणि एक टॉवेल मागवला. तायडेने ते पायरीपर्यंत आणून ठेवलं आणि मागे गेला. मी नाकावर टॉवेल ठेवला आणि पाणी ओतायला लागलो, अगदी बारीक धार. पाणी गोळ्यावरून मोरेंच्या मांडीवर, तिथून बुटात जात होतं. एक जग, दुसरा जग. पिवळं पाणी व्हरांड्याच्या फरशीवर पसरलं.

मोरे खाली बघत होते. "साहेब," ते हळूच म्हणाले, "तो भिश्ती येडा नव्हता."

"नव्हता," मी म्हणालो.

"आम्ही एवढी वर्षं त्याला हसलो."

मी पाणी ओतत राहिलो. अकरा वाजून वीस मिनिटांनी मोरेंचा उजवा पाय थरथरायला लागला. एकाच जागी बसून आखडला होता. मी एका हाताने त्यांचा गुडघा दाबून धरला आणि दुसऱ्याने जग. मोरे पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेत असतील. कान दिला तर ते मुलीच्या लग्नाची खरेदी मोजत होते. पैठणी, मुंडावळ्या, रुखवत. मी म्हणालो, मोजत राहा.

अकरा सत्तेचाळीसला मी दोन्ही हातांनी गोळा उचलला. सहा पावलं चाललो आणि ओल्या वाळूच्या लाकडी डब्यात ठेवला. मोरेंना उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचललं. त्यांची पँट कमरेखाली भिजली होती, पाण्याने आणि कदाचित पाण्याशिवायही. 

मला वाटलं, सुटलो. तिथेच माझे हात कापायला लागले आणि थांबेनात. मी ते खिशात घातले. तायडेने बघितलं.

डबा कॅन्टोन्मेंटच्या मागच्या जुन्या फायरिंग रेंजवर नेऊन खड्ड्यात उडवायचा होता. अडीच किलोमीटर. मधे रेल्वेचं फाटक आणि सात स्पीड ब्रेकर. ते आम्ही आधी माणूस पाठवून मोजले होते. दिल्लीचे स्पीड ब्रेकर कोणत्याही शत्रूपेक्षा बेभरवशाचे. गाडी माणसाच्या चालीने निघाली. पुढे पायलट जीप, मागे ॲम्ब्युलन्स. प्रत्येक ब्रेकरवर चार माणसं उतरून गाडीला आधार द्यायची. फाटक बंद मिळालं. पोलीस रस्ता अडवत होते तरी एक पांढरी कार मधे घुसली आणि आतला माणूस हॉर्न वाजवत ओरडला, "अंकल जी, चलो ना यार, मीटिंग है!" मालगाडी आली. डबे संपेनात. जमीन हलत होती आणि मी ओल्या वाळूकडे बघत उभा होतो. आयुष्यात अनेकदा घाबरलो आहे, पण त्या फाटकासारखा नाही.

एक बावन्नला रेंजवर पोहोचलो. खड्डा तयार होता, गाडीपासून चाळीस पावलांवर. मी हेल्मेट उचललं.

"साहेब," तायडे म्हणाला, "आता माझी बारी."

"मी सुरू केलंय, मीच संपवतो."

"हात दाखवा."

मी दाखवले नाहीत.

"सही तुमची होती, ते कळलं मला. सकाळी तुम्ही गेलात, मी बोललो नाही. पण ह्या हातांनी तुम्ही डबा उचलणार असाल तर मी मेजरसाहेबांना सांगेन. नियम तुम्हीच शिकवलाय."

तो बरोबर होता. कापणाऱ्या हातांच्या माणसाने पुढे जायचं नसतं. हे मीच नव्या पोरांना घसा फोडून सांगायचो. मी हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला आणि दोनशे मीटर मागे मातीच्या बंधाऱ्याआड जाऊन वॉकीटॉकी घेऊन बसलो.

"वन फॉर टू. डबा उठाया। ओव्हर."

"टू फॉर वन. रॉजर। ओव्हर."

मी पावलं मोजत होतो. बत्तीस. तेहतीस.

"वन फॉर टू. खड्डे पे पहुँचा। नीचे रख रहा हूँ। ओव्हर."

"रॉजर। आराम से। ओव्हर."

मग वॉकीटॉकीवर तो मराठीत बोलला. एरवी त्यावर हिंदीच चालायचं. "साहेब, ऊन लय आहे. आल्यावर पाणी तयार ठेवा. ओव्हर."

मी बटण दाबलं, "ठेवतो," असं म्हणणार होतो. तेवढ्यात स्फोट झाला. दोन वाजून सहा मिनिटं.

का फुटला, ते कोणाला सांगता आलं नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत तज्ज्ञांनी तीन शक्यता लिहिल्या. मला विचारलं तेव्हा मी सहीबद्दल सांगितलं. टकटक केली, उघडून बघितला नाही, मागचा कागद बघून सही केली, जेवायची वेळ झाली होती. सगळं सांगितलं. मला कडक ताकीद मिळाली आणि प्रमोशन दोन वर्षं लांबलं. ती शिक्षा फार कमी होती, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

तायडेची बायको सुनीता आमच्याच लाइनीत, चार घरं सोडून राहायची. मलकापूरला सामान हलवायच्या आधी एका दुपारी मी तिच्याकडे गेलो. तिच्यासमोर बसून मी सहीची गोष्ट सांगितली. आत कुकरची शिट्टी झाली. ती उठली, गॅस बंद केला, परत येऊन बसली.

"तुम्ही तेव्हा नीट बघितलं असतं तर?"

"तर विलास आज असता."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "भाऊजी, हे मला कागदावरून कळलं असतं तर पुन्हा तुम्हाला दारात उभं केलं नसतं. तुम्ही येऊन सांगितलंत. राग आहेच. पण तुम्ही येत जा." मी रस्त्यावर येऊन एका झाडाआड उभा राहिलो आणि रडलो.

इंग्लंडच्या बाई चार दिवसांनी मेसमध्ये आल्या. वयस्कर, पांढरे केस, हळू बोलणाऱ्या. रिकाम्या फळीपुढे उभ्या राहिल्या. पणजोबांची डायरी त्यांनी वाचली होती. मोरेंनी मेजरसाहेबांमार्फत त्यांना एकच प्रश्न विचारला, त्या भिश्त्याचं नाव काय होतं?

बाई थांबल्या, आठवून बघितलं. डायरीत त्या दिवसाबद्दल दोन पानं आहेत, त्या म्हणाल्या. जनरलसाहेबांच्या घोड्याचं नाव आहे. भिश्त्याचं नाही. हे सांगताना त्या लाल झाल्या.

त्यानंतर मोरेंनी पाटी घासणं बंद केलं. दोन शनिवार गेले, पाटी काळवंडली. मेजरसाहेबांनी बोलावून विचारलं तेव्हा मोरे सावधानमध्ये उभे राहून म्हणाले, "सर, इसपे नायक तायडे का नाम लिखो। नहीं तो पाटी कोई और घिसेगा।" मेजर म्हणाले, ऐतिहासिक वस्तू आहे, अशी बदलता येत नाही, वरून परवानगी लागेल. मोरे म्हणाले, आणा. रिटायरमेंटला चार महिने राहिलेला हवालदार, आयुष्यात कधी साहेबाला उलट न बोललेला. परवानगी यायला तीन महिने लागले. मोरे रिटायर व्हायच्या आधीच्या शनिवारी नवी पाटी बसली आणि त्यांनी ती स्वतः घासली.

मी सुभेदार होऊन निवृत्त व्हायच्या वर्षी त्याच मेसच्या बोर्डवर पुन्हा माझं नाव आलं. क्लार्क नवा होता, हरियाणाचा, भराभर काम उरकणारा. त्याने मागच्या वर्षीचा कागद सरकवला. पितळी पाटी एक, तपासली.

"साब, साइन कर दो। प्लेट ही तो है।"

"रुको," मी म्हणालो.

मी चष्मा लावला, जनरलसाहेबांच्या चित्राखाली वाकलो आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागलो. वायव्य सरहद्द. ब्रह्मदेश. सुदान. दक्षिण आफ्रिका. पुन्हा सरहद्द. क्लार्कने घड्याळ बघितलं. त्याच्याही जेवणाची वेळ झाली होती. त्याखाली दोन ओळी नव्या होत्या. एक भिश्ती, नाव माहीत नाही. नाईक विलास तायडे, बॉम्ब डिस्पोजल.

शेवटच्या ओळीवर मी बोट दोनदा फिरवलं. मग सही केली.